रोबोवर हात कुणाचा?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून)

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी फार्मसीत काम करते, नवरा अकाउंट्समध्ये आहे. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत. तिच्या शाळेत चौथी ते आठवीच्या मुलांची रोबोटिक्सची टीम आहे, ती फर्स्ट लेगो लीगमध्ये उतरते. गेल्या वर्षी राज्य पातळीपर्यंत गेली होती. मुलीची जवळची मैत्रीण टीममध्ये गेल्यापासून हिनंही तोच ध्यास घेतलाय. टीममध्ये एकच जागा उरली आहे. मला मात्र धीर होत नाही. तिचं गणित बेताचं आहे. एखादी गोष्ट मनासारखी झाली नाही की लगेच डोळ्यांत पाणी. बाकीची मुलं तिसरीपासून कोडिंगच्या क्लासला जातात, घरी इंजिनिअर आई-वडील. आम्हा दोघांना यातलं ओ की ठो कळत नाही. नऊ जणांत मुली दोनच. कोच म्हणजे एका मुलाचे वडील. माणूस भला आहे, पण जिंकायचं फार मनावर घेतात. भेटले तेव्हा म्हणाले, ‘तिचं ड्रॉइंग छान आहे ना, मग प्रोजेक्टचं पोस्टर तिच्याकडे देऊ.’ खरं सांगते, ऐकून हायसं वाटलं. नवरा म्हणतो, घालूच, पुढे कॉलेजच्या अर्जाला उपयोगी पडेल. रविवारची मराठी शाळा आहे, कथक आहे. घालावं का? की उशीर झाला? मागे पडली तर आहे तो आत्मविश्वासही जाईल, अशी भीती वाटते. परवा तिला आणायला गेले, तर कॅफेटेरियाच्या दाराच्या काचेला नाक लावून आतला सराव बघत उभी होती. ‘आत का नाही गेलीस?’ विचारलं तर म्हणाली, ‘मला काही येत नाही ना.’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक तुमच्या लेकीचं, काचेशी उभं राहून म्हटलेलं. दुसरं तुमचं, पोस्टरचं ऐकून हायसं वाटल्याचं. ते हायसं वाटणं मला कळतं. लेकरू नव्या ठिकाणी जाणार आणि तिथे त्याला जमेल असा एक कोपरा आधीच राखून ठेवलेला दिसला, की आईचा जीव भांड्यात पडतो. पण तिला बघायचा आहे तो रोबो. आपण तिला आत नेऊन कोपऱ्यात कागद आणि स्केचपेनं देऊन बसवलं, तर ती काच तिच्यासोबत आतच आली म्हणायची.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. घाला. उशीर झालेला नाही. फक्त नाव नोंदवण्याआधी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघून या, ती कोणती ते पुढे सांगते. मी अमेरिकेतल्या एका शाळेच्या टीमची सहा हंगाम कोच होते. त्याआधी मी भूगोल शिकवायचे. कोडिंगशी माझा संबंध तुमच्याइतकाच होता. त्यामुळे हे मी बाहेरून बघून लिहीत नाहीये.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. डीन केमन या संशोधकानं १९८९मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. पुढे १९९८मध्ये खेळण्यातले ठोकळे बनवणाऱ्या लेगो कंपनीशी हातमिळवणी होऊन लहान मुलांसाठी ही लीग सुरू झाली. एका टीममध्ये दोनपासून दहापर्यंत मुलं. साधारण आठ फूट बाय चार फुटांच्या टेबलावर एक मोठी मॅट अंथरलेली असते. तिच्यावर लेगोचीच बनवलेली लहान-मोठी मॉडेलं मांडलेली असतात. कुठे तरफ दाबायची असते, कुठे काही उचलून दुसरीकडे न्यायचं असतं. हे सगळं मुलांनी बांधलेल्या रोबोनं अडीच मिनिटांत करायचं. रिमोट नाही. एकदा बटण दाबलं की तो त्याच्या प्रोग्रॅमच्या भरवशावर.

ही अडीच मिनिटं डोळ्यांत भरतात, म्हणून सगळ्यांना वाटतं की स्पर्धा एवढीच. प्रत्यक्षात तो गुणांचा एक चतुर्थांश भाग आहे. दुसरा चतुर्थांश रोबो कसा आणि का असा बांधला, हे मुलांनी परीक्षकांना समजावून सांगण्याचा. तिसरा प्रोजेक्टचा. चौथा टीममधली मुलं एकमेकांशी कशी वागतात याचा. चारींना सारखं वजन. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धांमध्ये ‘ग्रेशस प्रोफेशनलिझम’ हा शब्द रुजवला. जीव तोडून खेळायचं आणि शेजारच्या टेबलावरच्या टीमचा स्क्रू हरवला तर आपल्या डब्यातला काढून द्यायचा, असा त्याचा अर्थ मी आमच्या मुलांना सांगायचे. लेगोत स्क्रू नसतात, पण मुलांना कळायचं.

आता प्रोजेक्ट म्हणजे पोस्टर नव्हे, हेही सांगते, कारण कोचच्या त्या वाक्यात मुलीवर जसा अन्याय आहे तसा प्रोजेक्टवरही आहे. दर वर्षी एक विषय दिला जातो. २०२४-२५ला समुद्र होता, २०२५-२६ला पुरातत्त्व. मुलांनी त्या क्षेत्रातली एक खरीखुरी अडचण शोधायची, त्यात काम करणाऱ्या माणसांशी बोलायचं, उपाय सुचवायचा, तो कुणाला तरी दाखवून सुधारायचा. अनोळखी माणसाला फोन करून ‘तुमच्या कामात सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?’ हे विचारणारं दहा वर्षांचं पोर मला कुठल्याही प्रोग्रॅमरइतकंच मोलाचं वाटतं. पोस्टर शेवटच्या आठवड्यात होतं. त्यावर एखाद्या मुलीचा अख्खा हंगाम काढता येत नाही. काढला, तर बाकीचे दिवस ती बसून असते.

गणिताचं म्हणाल, तर एक प्रसंग सांगते. आमच्या टीममध्ये पाचवीतली एक मुलगी होती. तीही वर्गात गणितात मागे म्हणूनच ओळखली जायची. रोबोला मॅटवरच्या एका मॉडेलपर्यंत सरळ जायचं होतं. मुलगे आकडे टाकत सुटले होते. तीन सेकंद टाक, साडेतीन टाक, थोडं कमी कर. सकाळी बरोबर येणारा रोबो दुपारी बॅटरी उतरली की अलीकडेच थांबायचा. ही मुलगी उठली, एक सुटं चाक घेतलं, टायरवर खडूची खूण केली आणि कागदावर ते एक फेरा होईपर्यंत ढकललं. खूण जिथे सुरू झाली आणि जिथे परत टेकली त्या दोन ठिकाणांमधलं अंतर पट्टीनं मोजलं. साडेसतरा सेंटिमीटर. मग मॅटवरचं अंतर मोजलं, सत्तर. बोटांवर मोजून म्हणाली, ‘चार फेरे.’ सेकंदांऐवजी चाकाचे चार फेरे टाकले आणि रोबो त्या मॉडेलसमोर जाऊन उभा राहिला. पाय (π) नावाचा गणितातला आकडा तिला अजून शिकवलेलाही नव्हता. वर्तुळाचा परीघ तिनं हातानं उलगडून कागदावर पाडला होता.

ती एका दिवसात गणितात हुशार झाली, असं मी म्हणणार नाही. तिच्या शाळेतल्या मार्कांचं पुढे काय झालं, मला माहीतही नाही. पण ‘बेताचं गणित’ हा शिक्का ज्या कागदावर बसतो तो कागद आणि ही मॅट यांत बराच फरक आहे. वर्गात उत्तर चुकलं की लाल रेघ येते. इथे उत्तर चुकलं की रोबो भिंतीला जाऊन धडकतो, मुलं हसतात, त्याला उचलून परत जागेवर ठेवतात. प्रोग्रॅमही टाइप करायचा नसतो. पडद्यावर रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे असतात. तिसरीपासून क्लासला जाणारी मुलं पहिले तीन-चार आठवडे पुढे दिसतील. त्यानंतर जी मुलं धीर धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून बघतात ती पुढे येतात. मी हे सहाही हंगामांत पाहिलं.

आणि रडणं. ताई, त्याला तुम्ही एवढं का घाबरता? ज्या मुलीला एखादी गोष्ट नीट व्हावी असं मनापासून वाटतं तिलाच ती बिघडल्यावर रडू येतं. आमच्याकडे एक नियम होता: रोबो टेबलावरून पडून त्याचे तुकडे झाले, की आधी सगळ्यांनी पाणी प्यायचं, मग तुकडे गोळा करायचे. एक मुलगा दर वेळी पाण्याच्या बाटलीमागे तोंड लपवून रडून घ्यायचा. कुणी काही बोलायचं नाही. दोन मिनिटांनी तोच सगळ्यात आधी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हरवलेली पिन शोधत असायचा. ज्या टीममध्ये रडायला दोन मिनिटं मिळतात तिथे तुमची लेक टिकेल. जिथे तिच्या रडण्यावर कुणी डोळे फिरवतं, तिथे नाही. हे तुम्हाला बघायला लागेल.

म्हणजे आता त्या मुख्य गोष्टीकडे येते. नाव नोंदवण्याआधी कोचना विचारून एक पूर्ण सराव बघून या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. स्कोअर बघू नका, रोबोही फार बघू नका. हात बघा. रोबोला कुणाचे हात लागताहेत? लॅपटॉपच्या कीबोर्डवर कुणाची बोटं आहेत? तुकडा चुकीच्या जागी लागला, तर तो काढून नीट लावायला कोण पुढे होतं, दुसरं मूल की मोठं माणूस?

हे मी एवढं ठासून सांगते, कारण माझाच हात एकदा तिथे गेला होता. तिसरा हंगाम होता. स्पर्धेच्या आदल्या रात्री रोबो माझ्या घरी होता. एक फेरी काही केल्या जुळत नव्हती. वळण घेतल्यावर रोबो हेलकावा खायचा आणि पुढची तरफ बोटभरानं हुकायची. मुलं दमून घरी गेली होती. मी रात्री अकराला बसले आणि प्रोग्रॅममध्ये वळणानंतर अर्धा सेकंद थांबायचा एक ठोकळा घातला. हेलकावा थांबला. तरफ पडली. मी खूश होऊन झोपले. दुसऱ्या दिवशी परीक्षकांच्या खोलीत मुलं आपला प्रोग्रॅम दाखवत होती. एका बाईंनी सहज विचारलं, ‘हा अर्धा सेकंद इथे का थांबवलाय?’ तो प्रोग्रॅम ज्यानं लिहिला होता तो अकरा वर्षांचा मुलगा पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कोचनं तिथे बोलायचं नसतं. तो म्हणाला, ‘मला माहीत नाही.’ आणि त्यानंतर त्या खोलीत तो एक शब्द बोलला नाही. बाहेर आल्यावर त्यानं मला एवढंच विचारलं, ‘तुम्ही बदललंत?’

त्याचं काम मी सुधारलं, असं मला रात्री वाटलं होतं. मी ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं. त्यानंतर रोबो कुणाही मोठ्या माणसाच्या घरी गेला नाही. मुलांचे पॉइंट गेले, ते आम्ही जाऊ दिले.

खेळाच्या नियमांत एक गंमत आहे. मैदानात मध्येच अडकलेल्या रोबोला मुलांनी हात लावला, की पंच एक टोकन काढून घेतात. अशी सहाच टोकनं असतात, ती जात राहिली की गुण कमी होत जातात. मुलांच्या हातांचा असा हिशेब होतो. सरावात मोठ्यांचे हात किती वेळा लागले याचा हिशेब ठेवायला कुणी नसतं. परीक्षक मुलांना प्रश्न विचारतात ते बऱ्याच अंशी हेच ताडायला. आणि अनुभवी परीक्षकांना ते कळतं.

तेव्हा ‘गेल्या वर्षी राज्य पातळीपर्यंत गेलेली टीम’ हे ऐकून दबून जाऊ नका, हुरळूनही जाऊ नका. ती मुलांनी गेलेली असेल, तर फारच उत्तम, तिथे शिकायला खूप मिळेल. कोचच्या हातानं गेलेली असेल, तर तुमच्या मुलीला तिथे बघे म्हणून उभं राहायला मिळेल, तेवढं तर ती आताही करते आहे. तुम्ही वर्णन केलेले कोच भले आहेत, एवढ्यावर मी विश्वास ठेवते. आठवड्यातले पाच-सहा तास दुसऱ्यांच्या मुलांसाठी देणारा माणूस वाईट कसा असेल? पोस्टरचं ते वाक्य त्यांनी तुमचा संकोच दूर करायलाच म्हटलं असावं. पण भल्या माणसांच्या टीममध्येही हळूहळू मुलगे टेबलाभोवती आणि मुली प्रोजेक्टच्या फायलीपाशी, अशी वाटणी होऊन जाते. कुणी ठरवून करत नाही. जो आधी हात पुढे करतो त्याच्याकडे रोबो जातो, आणि ‘मला काही येत नाही’ म्हणणारी मुलगी हात पुढे करत नाही. म्हणून ती वाटणी ठरवून मोडायला लागते.

त्यांच्याशी बोलताना तक्रारीचा सूर नको. मी असं बोलले असते: ‘पोस्टर ती आनंदानं करेल. पण तिला रोबो शिकायचा आहे म्हणून ती येतेय. दर सरावात निदान अर्धा तास तरी तिच्या हातात रोबो किंवा लॅपटॉप असेल, असं करता येईल का?’ यावर ते काय म्हणतात, त्याआधी किती वेळ गप्प राहतात, हे नीट ऐका. ‘हो, आपण कामं फिरती ठेवू,’ असं उत्तर आलं, तर निश्चिंत व्हा. आमच्याकडे फळ्यावर दर आठवड्याची यादी असायची: दोन जण बांधणार, दोन जण प्रोग्रॅम लिहिणार, दोन जण वहीत नोंदी करणार, बाकीचे प्रोजेक्टवर. पुढच्या आठवड्यात सगळे एक घर पुढे सरकायचे. पहिला महिना वेग मंदावतो, मुलं कुरकुरतात, पण डिसेंबरात एखादं मूल आजारी पडलं तर कुणाचंच काम अडत नाही. कोचना हा दुसरा फायदा नक्की सांगा. जिंकायची इच्छा असलेल्या माणसाला तो पटकन पटतो. आणि त्या टीममधल्या दुसऱ्या मुलींच्या आयांनाही विचारा, त्यांच्या मुली काय करतात. तुमच्या लेकीची मैत्रीण त्यांतलीच असेल, तर घरबसल्या उत्तर मिळेल.

उत्तर ‘बघू, आधी स्पर्धा होऊ दे’ असं आलं, तर मी त्या टीममध्ये घालणार नाही. एक जागा उरली आहे म्हणून घाईही करणार नाही. दोन मुलांचीसुद्धा टीम होते, हे विसरू नका. तुमच्या मराठी शाळेतच पाच-सहा मुलं सापडतील. टीमला निदान दोन मोठी माणसं लागतात आणि अमेरिकेत कोच व्हायला तुमची पार्श्वभूमी तपासून घेतात, एवढी तयारी ठेवा. काही शाळांत लेगोऐवजी व्हेक्स आयक्यू ही दुसरी रोबोंची स्पर्धा असते. तिथे दोन वेगळ्या टीमचे रोबो एकाच मैदानात मिळून साठ सेकंद खेळतात आणि मुलं ते रिमोटनं चालवू शकतात. ज्या मुलांना पडद्यापेक्षा हातातल्या गोष्टीची ओढ आहे त्यांना ते जास्त मानवतं. शेजारच्या शाळेत आहे का, चौकशी करा.

‘आम्हाला ओ की ठो कळत नाही’ या वाक्याशीही माझं भांडण आहे. तुम्ही फार्मसीत काम करता. गोळ्या देण्याआधी नाव, मात्रा, तारीख पुन्हा तपासणं हे तुमच्या हाडीमाशी भिनलेलं असणार. या मुलांना नेमकी तीच सवय नसते. प्रत्येक फेरीआधी बॅटरी किती, टायर पुसले का, जोडणी घट्ट आहे का, रोबो रेघेवर नीट ठेवला का, अशी पाच ओळींची यादी करायला तुम्ही त्यांना शिकवू शकता. ती यादीही त्यांनीच लिहायची, हं. प्रोग्रॅमिंग न येणारी आई सरावात बसली, तर एक मोठा फायदा होतो. ती ‘हे असं का केलंस?’ हा प्रश्न खरोखर न कळल्यामुळे विचारते, आणि मुलाला नीट समजावून सांगावं लागतं. उत्तर आधीच माहीत असलेल्या इंजिनिअर बापाला हे फार जड जातं. त्याचा हात शिवशिवतो.

नवऱ्याचं म्हणणं. कॉलेजचा अर्ज अजून सात वर्षं लांब आहे. पाचवीतल्या टीमची ओळ त्या अर्जात कुणी वाचणार नाही. आणि मुलांना आपण कशासाठी काय करायला लावतो, हे फार लवकर कळतं. अर्जासाठी म्हणून आलेली मुलं मी पाहिली आहेत. स्पर्धेच्या दिवशी ती आधी बक्षिसांचं टेबल शोधतात. नवऱ्याला एवढंच सांगा, या वर्षी अर्ज हा शब्द घरात काढायचा नाही. त्यांची मदत हवीच असेल, तर हंगामाचा खर्च आणि कुणी किती द्यायचे हा हिशेब त्यांच्याकडे द्या. प्रत्येक टीमला असा एक माणूस लागतो आणि कोणालाच ते काम नको असतं.

वेळेचं गणित मात्र खरंच अवघड आहे, त्यावर मी गुळगुळीत उत्तर देणार नाही. ऑगस्टमध्ये विषय जाहीर होतो, बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरात पहिल्या स्पर्धा असतात. आधी आठवड्याला दोन-तीन तास, मग ते वाढतात. स्पर्धेआधीचे दोन आठवडे घरात दुसरं काही सुचत नाही. कथक, मराठी शाळा आणि रोबो, तिन्ही एका वेळी तिच्या अंगावर टाकू नका. माझं मत विचाराल तर मराठी शाळा सोडू नका. ती सुटली की परत धरणं फार कठीण जातं, हे परदेशातल्या किती घरांत पाहिलंय. कथकच्या गुरूंना विचारून तीन महिने एकच दिवस ठेवता येईल का, बघा. पण कशावर पाणी सोडायचं, हे शेवटी तिला ठरवू द्या. ती म्हणाली, कथक नाही सोडणार, तर रोबो पुढच्या वर्षी. आठवीपर्यंत दारं उघडी आहेत.

आणि मराठी शाळेचा उपयोग करून घ्या. दर रविवारी आजीला व्हिडिओ कॉल लावून त्या आठवड्यात रोबोनं काय केलं, ते तिला मराठीत सांगायला लावा. ‘सेन्सर’ म्हणजे काय, हे आजीला सांगताना ‘काळी रेघ आली की ओळखणारा डोळा’ असं तिला स्वतःच्या शब्दांत घडवावं लागेल. ज्या मुलाला आजीला समजावता येतं त्याला परीक्षकांची अर्ध्या तासाची मुलाखत जड जात नाही. आमच्या टीममधला एक मुलगा त्याच्या कोल्हापूरच्या आजोबांना असंच सांगायचा. ते दर वेळी विचारायचे, ‘पण वीज गेली तर?’ त्या प्रश्नावरूनच मुलांनी दर फेरीआधी चार्ज बघायला सुरुवात केली.

असं पत्र पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहूनही येतं, फक्त त्यात न्यू जर्सी नसतं, म्हणून त्या पालकांसाठी थोडं. तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बांधून-जोडून बघायची प्रयोगशाळा, आहे का, आधी बघा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांना यासाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते. पुष्कळ ठिकाणी लॅब छान आहे, पण कुलूप फक्त पाहुणे आले की निघतं. चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटा आणि आठवड्यातला एक ठरलेला तास मागा. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड भारतातही खेळलं जातं. तिथे दोन-तीन मुलांचीच टीम लागते आणि सर्वांत लहान गट आठ ते बारा वर्षांचा आहे. महागड्या क्लासला नाव घालण्याआधी तिथेही हातच बघा. महिन्याच्या शेवटी प्रत्येक मूल सारखाच, चकचकीत, चालणारा रोबो घेऊन घरी येत असेल, तर तो मुलांनी बांधलेला नसतो. आणि किट विकत घ्यायची घाई करू नका. ती महाग असतात आणि कंपन्या ती बदलत राहतात. लेगोनं ईव्ही३ हे गाजलेलं रोबोचं किट २०२१मध्ये बंद केलं, तेव्हा कितीतरी घरांत हजारोंचे डबे पडून राहिले. ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहायची गोडी लागते का, हे बघायला स्क्रॅच हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं.

आता तुमच्या लेकीकडे परत येते. पत्रभर तुमचं, नवऱ्याचं, कोचचं म्हणणं आहे. तिचं एकच वाक्य आहे, आणि तेही ‘येत नाही’ असं. तिला विचारा, काचेतून बघताना तिला सगळ्यात जास्त काय आवडलं. मैत्रीण असणं, रोबो चालणं, की त्या टेबलाभोवतीचा गोंगाट? उत्तर मैत्रीण असेल, तरी बिघडत नाही, बहुतेक मुलं त्यासाठीच येतात. फक्त ते तुम्हाला माहीत असू दे. आणि घालताना तिला सांगा, हा एक हंगाम. मध्येच सोडायचं नाही, कारण बाकीची मुलं तुझ्यावर अवलंबून असतील. संपल्यावर नको वाटलं तर पुढच्या वर्षी नको. दोन्ही गोष्टी एकदमच सांगा.

सराव बघायला जाल तेव्हा तिला सोबत न्या. या वेळी दार उघडून आत. पहिल्याच दिवशी कुणी तिला रोबो हातात देणार नाही, तर टायर पुसायचं काम माग म्हणावं. ओल्या फडक्यानं टायर पुसले की रोबो सरळ जातो, आणि ज्याच्या हातात फडकं असतं त्याच्या हातात आपोआप रोबो येतो.

आणि तिचे केस लांब असतील, तर घट्ट वेणी घालून पाठवा. आमचा रोबो एकदा अख्खी दुपार डावीकडे ओढत होता. सगळे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले. शेवटी वही लिहिणाऱ्या मुलीनं तो उलटा केला आणि चाकाच्या दांडीला गुंडाळलेला एक लांब केस नखानं सोडवून काढला.